फिटरच्या खुब्यातला गोळा

मी एक गोळा बोलतोय. खेळायचा नव्हे, तोफेचा नव्हे आणि भीतीने पोटात येतो तो तर नव्हेच. एका माणसाच्या डाव्या खुब्यात गेली वीसेक वर्षं माझा मुक्काम आहे. लहानशा लिंबाएवढा माझा आकार, रंग पिवळसर पांढरा, आणि अंग इतकं गुळगुळीत की माशी बसली तर घसरून पडेल. आता एवढ्या आत माशी कुठून यायची म्हणा, पण आपलं सांगायची पद्धत.

माझं कूळ सिरॅमिकचं. कपबशा, फरश्या, हात धुवायची बेसिनं ही सगळी माझी लांबची नातेवाईक मंडळी. आमच्यात येणंजाणं नाही. ती मंडळी पडली की फुटतात आणि त्यांच्यामुळे नाव मात्र आमच्या अख्ख्या घराण्याचं खराब होतं.

मी आधी नुसती पांढरी पूड होतो. मला साच्यात दाबलं, भट्टीत भाजलं, मग हिऱ्याच्या पुडीने इतकं घासलं की अंगावर ओरखडासुद्धा राहिला नाही. शेवटी एका यंत्रात घालून असं चेपलं की माझ्या शेजारचा एक भाऊबंद तिथेच तडकला. त्याला डब्यात टाकलं आणि माझ्यावर नंबर घातला. त्याचं वाईट वाटतं, पण तिथे तडकला ते बरंच झालं. माणसाच्या अंगात गेल्यावर तडकला असता तर कुणाचे हाल झाले असते, सांगा.

मग बराच काळ मी एका खोक्यात, एका कपाटात पडून होतो. आमच्यातल्या प्रत्येकाला त्या काळात एकच प्रश्न सतावतो. आपण कुणाचे?

मी एका फिटरचा झालो. बाटल्या भरायच्या कारखान्यात तो मशीन दुरुस्तीचं काम करायचा. वय चाळिशीच्या जरा पुढे. त्याच्या मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, म्हणजे ज्या जागी आज मी आहे तिथला मूळ मालक, त्याला रक्त पोचेनासं झालं होतं. का, ते कुणालाच नीट सांगता आलं नाही. हाड आतून खचत गेलं, आणि हा गडी लंगडत लंगडत शिफ्ट करत राहिला. शेवटी मोज्यात पाय घालायलाही बायको लागायला लागली, तेव्हा तो सर्जनबाईंकडे गेला.

बाईंनी त्याला समजावून सांगितलं. प्लास्टिकची वाटी बसवली तर तिची झीज होणार, आणि तुमच्या वयाचा माणूस पुढे तीस-चाळीस वर्षं चालणार. तेव्हा गोळाही सिरॅमिकचा आणि वाटीही सिरॅमिकची बसवू, झीज नावालाच होईल. फिटरने मान डोलावली आणि विचारलं, ग्रीस कोणतं? बाई म्हणाल्या, ते तुमचं शरीरच बनवतं, बाहेरून काही घालावं लागत नाही. त्यावर त्याला ऑपरेशन एकदम पसंत पडलं. आपोआप तेलपाणी होणारं बेअरिंग त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

त्याच्या बायकोने एकच प्रश्न विचारला. ती घरी शिवणकाम करायची, पडदे, गणवेश, उसवलेली कामं, आणि तिला टाका कुठे सुटतो ते बरोबर दिसायचं.

"आणि फुटलं तर?"

बाईंनी प्रश्न उडवून लावला नाही. फार क्वचित फुटतं, म्हणाल्या, पण फुटलं तर काम मोठं होतं. बायकोने ते वाक्य मनात ठेवून दिलं.

ऑपरेशनच्या दिवशी मला खोक्यातून काढलं, हाडात बसवलेल्या दांड्याच्या टोकावर चढवलं आणि वरून एक ठोका दिला. टक. मग मला वाटीत लोटलं. वाटी दुसऱ्या खोक्यातून आली होती. ओळख नाही, पाळख नाही, एकदम संसारच. पण आमचं जमलं. ती मला धरून असते, मी तिच्यात फिरतो, आणि दोघांच्या मध्ये पाण्याचा एक पातळ पदर असतो. तो आहे तोवर आमच्यात भांडण नाही.

मला डोळे नाहीत. मला कळतं ते वजन, आणि हाडांतून पोचणारा आवाज. पण वजनावरून माणूस किती कळतो म्हणून सांगू! माझा मालक खोटं बोलायला लागला की सगळा भार उजव्या पायावर घेतो. रागावला की माझ्यावर उभा राहतो. बायकोची समजूत काढायची असली की धड इकडे नाही, धड तिकडे नाही, असा डुलत राहतो. लेक लहान असताना त्याने तिला एकदा खांद्यावर घेतलं होतं, बाईंनी बजावलेलं सगळं विसरून. तेव्हा दोघांचं ओझं माझ्यावर आलं. बायको ओरडली. मला मात्र ते ओझं हवंहवंसं वाटलं, खोटं कशाला बोलू?

कामावर तो परत गेला तेव्हा पहिल्या दिवशी फाटकावरचं यंत्र त्याच्या अंगातल्या धातूच्या दांड्यामुळे वाजायला लागलं. पहारेकऱ्याने खिसे तपासले. हा म्हणाला, अरे बाबा, जे वाजतंय ते खिशात नाही. पुढे ते दोघंही त्या आवाजाला सरावले.

आणि आता मुद्द्यावर येतो, कारण या गोष्टीत सगळी भानगड आवाजाचीच आहे.

बाटल्यांच्या कारखान्यात आवाज म्हणजे काय असतो ते आत गेल्याशिवाय कळायचं नाही. हजारो बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींना धडकत जातात. माझ्या मालकाचे कान त्या आवाजाने हळूहळू खाल्ले. तरीही मशीन ऐकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची युक्ती साधी होती. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. कोणतं बेअरिंग रडतंय ते तो सांगायचा. आणि त्याचा एक नियम होता. आवाज आला की मशीन बंद. मग साहेब येवो, नाहीतर साहेबाचा साहेब.

हा नियम त्याने उगाच केला नव्हता. तो उमेदवारी करत असताना एका मशीनचा सकाळपासून आवाज येत होता. कुणीतरी म्हणालं, संध्याकाळपर्यंत ओढू. दुपारी बेअरिंग फुटलं, शाफ्ट उडाला आणि त्याच्या जोडीदाराची दोन बोटं गेली. घरी हा विषय निघाला की तो माझ्यावर असा काही भार टाकून उभा राहायचा की त्याला अजून त्या जागेवरून हलता आलेलं नाही हे मला कळायचं.

तर, खुब्यात बसून नऊ-दहा वर्षं झाली असतील तेव्हा मी बोलायला लागलो. जिना चढताना, पाय एका ठरावीक कोनात वाकला की आमच्यातला पाण्याचा पदर क्षणभर पातळ व्हायचा आणि आवाज यायचा. कुई. बस, एवढंच. दुखणं नाही, अडकणं नाही. आमच्यासारख्या काही जोड्यांना ही खोड असते, त्यातलाच मी एक. मला स्वतःला जरा लाज वाटली, पण इलाज नव्हता.

मालकाला तो ऐकू आला नाही. त्याच्या कानांना तेव्हा दारावरची घंटाही ऐकू येत नव्हती. बायकोला आला. एकदा जिन्यात ती मागून चढत होती. मी बोललो आणि तिची पावलं थांबली. मी पुन्हा बोललो. ती काहीच म्हणाली नाही.

त्यानंतर वर्षं गेली. लेकीचं लग्न झालं, ती दूरच्या शहरात गेली. फिटर निवृत्त झाला. फोनवर बापाशी बोलताना लेकीचा घसा बसायला लागला, तेव्हा तिने हट्टाने त्याला कानाचं मशीन घेऊन दिलं.

ते लावून तो घरी आला आणि दोन दिवस पोरासारखा वागला. फ्रिज एवढा गुरगुरतो? नळ गळतो हे मला कुणी सांगितलं नाही? बायको हळू बोलते तेव्हा तिचा आवाज असा आहे? हे शेवटचं त्याने मोठ्याने म्हटलं. ती म्हणाली, असाच होता, तुम्हालाच ओरडून सांगावं लागायचं.

तिसऱ्या दिवशी तो भाजी घेऊन जिना चढत होता. खालच्या वळणावर मी बोललो.

तो जागच्या जागी थांबला. पिशवी खाली ठेवली. पाय वाकवला, सरळ केला. कुई. त्याचं सगळं वजन झटकन माझ्यावरून निघालं आणि उजव्या पायावर गेलं. उरलेला जिना तो कठडा धरून, एकेक पायरी, मला उचलून उचलून चढला. वीस वर्षांत त्याने मला असं कधी परकं केलं नव्हतं.

घरात जाऊन पहिलं काम काय केलं असेल? लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक स्वतःच्या खुब्यावर टेकवलं आणि मूठ कानामागे लावायला गेला, तर कानाच्या मशीनने अशी शीळ घातली की त्याने ते उपटून टेबलावर ठेवलं. मशीन काढल्यावर काही ऐकू येईना. मग बायकोला बोलावलं. ती वाकली, मुठीला कान लावून उभी राहिली. तो पाय हलवत होता, मी बोलत होतो, ती ऐकत होती.

"मला नाही बाई त्यातलं कळत," ती म्हणाली.

डोळे असते तर तिच्याकडे बघितलं असतं. तिला चांगलं कळत होतं.

सर्जनबाईंकडे जायचा आग्रह तिनेच धरला. बाईंचे केस आता पांढरे झालेत, असं तो त्यांना म्हणाला आणि त्यांनी तुमचेही, असं उत्तर दिलं. माझा एक्स-रे फोटो काढला. जुन्या फोटोंशेजारी लावून त्या बराच वेळ बघत राहिल्या. गोळा जागेवर आहे, म्हणाल्या, वाटी जागेवर आहे, तडा नाही, झीज म्हणाल तर मला मोजता येत नाही इतकी कमी. काही जणांत असा आवाज येतो, त्यातल्या बहुतेकांना काही करावं लागत नाही. मग त्यांनी विचारलं, "केव्हापासून येतो?"

"झाला असेल एक आठवडा."

बायकोची खुर्ची करकरली. बाई म्हणाल्या, वीस वर्षांनी अचानक सुरू झाला असेल तर लक्ष ठेवलेलं बरं. नेहमीसारखं चाला, फिरा, पण तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढू.

आता यातलं 'नेहमीसारखं चाला' हे त्याच्या कानात शिरलंच नाही. लक्ष ठेवायला हवं, एवढंच त्याने घरी आणलं. आवाज आला की मशीन बंद. त्याने मशीन बंद केलं.

खिडकीजवळ एक खुर्ची होती. तीत तो बसला. सकाळी बसायचा तो जेवायला उठायचा, पुन्हा बसायचा. न्हाणीघरापर्यंत काठी, तीही माझ्या, म्हणजे चुकीच्या बाजूला. मेव्हणा भेटायला आला आणि थट्टेने म्हणाला, दोन थेंब तेल सोडा की दाजी. एरवी हा हसला असता. हा म्हणाला, सीलबंद आहे ते, उघडावं लागतं.

मला ते दिवस फार वाईट गेले. वजन नसलं की मला काही कळतच नाही. तो रागावलाय की उदास आहे, सकाळ आहे की संध्याकाळ, कशाचा पत्ता नाही. वरून मांडीचा स्नायू रोडावत चालला. तोच आम्हाला धरून ठेवतो. तो सैल पडला तर आम्ही जागेवर कसे राहणार? ज्या आजाराला तो भीत होता तो आम्हाला नव्हताच, आणि तो बसून बसून नवा तयार करत होता. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला बोलता येतं ते फक्त तो चालला तर.

तीन महिने भरत आले तेव्हा एका सकाळी त्याने बायकोला सांगितलं की ठरलं. बाईंना म्हणणार, उघडा आणि बदलून टाका. नाही म्हणाल्या तर दुसरे डॉक्टर बघू. फुटेपर्यंत वाट बघणारा माणूस मी नाही.

माझ्या अंगात पाणी असतं तर त्याचं बर्फ झालं असतं. मला काढणं म्हणजे खोक्यातून काढणं नव्हे. माझ्याखालच्या दांड्याला त्याच्या हाडाने वीस वर्षं मिठी मारलेली आहे. ती सोडवायची तर हाड फोडावं लागेल कदाचित. साठी उलटलेला माणूस, काटकुळा झालेला पाय, आणि आत बिघाड काहीच नाही.

शिवणयंत्र चालू होतं ते थांबलं. ती उठून त्याच्यासमोर येऊन बसली.

"तो आवाज आत्ताचा नाही," ती म्हणाली. "दहा वर्षांचा आहे. जास्तच. लेकीच्या लग्नाच्या आधीपासून येतो."

त्याला ऐकू आलं होतं. तरी त्याने काय म्हणून विचारलं, आणि तिने तेच पुन्हा, तेवढ्याच हळू सांगितलं.

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही तेव्हाच या खुर्चीत बसला असतात. मला का तुमचा नियम माहीत नाही?" मग ती म्हणाली, "आधी वाटलं, दुखत नाही, चालताहेत, जाऊ दे. मग तो मला आवडायलाच लागला. खालच्या वळणावर आलात की कळायचं, आले. आणि त्या दिवशी बाईंनी विचारलं तेव्हा भीती वाटली हो. मी दहा वर्षं ऐकत बसले, आणि आत खरंच काही फुटत असलं तर? तोंडच उघडेना."

मी वजनाची वाट बघत होतो, म्हणजे रागावलाय का ते कळलं असतं. पण तो बसूनच होता.

"चढताना यायचा, की उतरताना?" त्याने विचारलं.

"चढताना."

"वाढला?"

"नाही. पहिल्या दिवशी होता तेवढाच आहे. कधी कधी दोन-दोन दिवस येतही नाही."

"नक्की? विचार करून सांग."

"अहो, माझ्याइतका कुणी ऐकलाय का तो?"

मग त्याने एक लांब श्वास सोडला. तो माझ्यापर्यंत आला. "अगं, दहा वर्षं लोडवर चाललंय," तो म्हणाला. "आवाज वाढला नाही, खेळ आला नाही, ढिलं पडलं नाही, दुखलं नाही. फोटोत झीज नाही. हे बेअरिंग खराब नाहीये. ही त्याची सवय आहे." आणि लगेच तडकला, "हे बाईंसमोर सांगायचं होतंस. तीन महिने मी या खुर्चीत काढले."

"मी पण इथेच होते," ती म्हणाली.

त्याने खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठला. काठी उजव्या हातात घेतली. आणि मग हळूच, अंदाज घेत घेत, त्याने आपलं वजन माझ्यावर ठेवलं. पाय थरथरत होता, स्नायू कुरकुरत होते, आणि मी इतका आनंदात होतो की त्या क्षणी फुटलोच असतो, पण ती माझी खोड नाही.

पुढचं लवकर सांगतो. बाईंकडे ती दोघं गेली. या वेळी बायकोने तोंड उघडलं. बाईंनी ते लिहून घेतलं, पुन्हा फोटो काढला, आणि जुना आवाज असेल तर तो राहू दे, गेलेला स्नायू परत आणा, असं बजावून व्यायाम नेमून दिले. आवाज बदलला, दुखलं, पाय अडखळला तर मात्र त्याच दिवशी या. फिटरने कुणाचाही सल्ला एवढा निमूट ऐकल्याचं मला आठवत नाही. आता तो रोज भिंतीला धरून पाय उचलतो आणि मोजताना चुकतो. बायको खोलीतून दुरुस्ती करते.

मी अजून तसाच आहे. गुळगुळीत, पिवळसर पांढरा, थोडा वाचाळ. माझं आयुष्य त्याच्यापेक्षा जास्त असावं, असं बाई म्हणाल्या. त्यांना ते चांगलं वाटलं असेल. मला ते ऐकून कसंसंच झालं. त्याच्याशिवाय मी म्हणजे पुन्हा कपाटातला एक नंबर. म्हणून तुम्हाला एवढंच मागणं आहे. तुमच्या अंगात माझा कुणी भाऊबंद असेल आणि तो बोलायला लागला, तर डॉक्टरांना दाखवा, केव्हापासून बोलतो ते खरं खरं सांगा, घरातल्यांनाही सांगू द्या. पण त्याच्यावर उभं राहायचं सोडू नका. आम्हाला ओझ्याची भीती नसते.

काल तो पहिल्यांदा काठी न घेता खाली गेला होता. परत येताना, खालच्या वळणावर, नेहमीच्या पायरीवर मी बोललो. कुई.

आणि वर शिवणयंत्र थांबलं.

तो थबकला. कानाचं मशीन होतं, जिना शांत होता, चूक व्हायला जागा नव्हती. दहा वर्षं हे असंच होत आलं होतं, मी बोललो की वर यंत्र थांबायचं, आणि एवढ्या वर्षांत त्याने ते एकदाही ऐकलं नव्हतं. तो कठड्याला धरून उभा राहिला. त्याचं सगळं वजन माझ्यावर होतं. मग तो एक पायरी खाली उतरला, आणि तीच पायरी पुन्हा चढला. मी पुन्हा बोललो.

"आलं ऐकू," वरून ती म्हणाली. "या आता."